हाँगकाँगच्या टाक्यांतले जिवंत मासे

कँटनी स्वयंपाकात मासा शिजायच्या घडीपर्यंत जिवंत असावा, असा दंडक आहे. हाँगकाँगच्या हॉटेलांत गिऱ्हाईक टाकीतला मासा निवडते, त्याचे वजन होते आणि दर लागतो तो कॅटीवर, म्हणजे सुमारे 605 ग्रॅमच्या मापावर. मग आले आणि कांद्याची पात घालून अख्खा मासा वाफवतात. वरून कडकडीत तेल आणि सोया सॉस. इतक्या साध्या पाककृतीत शिळेपणा लपायला जागाच उरत नाही.

या धंद्याची एक मुळी हाँगकाँगच्याच अ‍ॅबर्डीन बंदरात सापडते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्यांवरच राहणाऱ्या कोळ्यांची लग्नाची जेवणेही होड्यांवरच उठत. पुढे शहरी मंडळी आणि पर्यटकही तरंगत्या हॉटेलांत येऊ लागले. 'ताई पाक' 1952 सालचे. त्याहून भव्य 'जंबो' तयार होत असतानाच 1971 मध्ये आगीत सापडले आणि 34 माणसे दगावली. कॅसिनो-उद्योजक स्टॅन्ले हो यांनी ते पुन्हा उभारले आणि 1976 मध्ये राजवाड्याच्या थाटात ते सुरू झाले. लेई यू मुन या खाणकामगारांच्या जुन्या गावात वेगळीच रीत पडली: मासा दुकानातून घ्यायचा आणि शेजारच्या हॉटेलात करणावळ देऊन शिजवून घ्यायचा.

हाँगकाँगच्या आसपासचे हेकरू म्हणजे ग्रुपर कमी होत गेले, तशी माशांची वाट लांबली. फिलिपाइन्स, इंडोनेशिया, पुढे ऑस्ट्रेलियाचे प्रवाळही या टाक्या भरू लागले. कित्येक ठिकाणी पाणबुडे कपारीत सायनाइडचे पाणी सोडून मासा गुंगवत. त्यात प्रवाळ मरत. ताटात अख्खा मावेल असा मासा लागत असल्याने मोठ्या जातींची पिल्लेच पकडली गेली, आणि खरा घात झाला तो इथे. दोन मीटरपर्यंत वाढणारा नेपोलियन मासा प्रजननाला येण्यास पाच-सात वर्षे घेतो. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराने त्याच्या व्यापारावर निर्बंध घातले.

आता टाक्यांत शेततळ्यांतले संकरित हेकरूही दिसतात. 'जंबो' 2020 मध्ये बंद पडले आणि जून 2022 मध्ये ओढून नेताना दक्षिण चिनी समुद्रात उलटले. लेई यू मुनची हॉटेले मात्र अजून चालू आहेत.