पत्रा मारलेल्या भिंतीवर बाहेरचा दिवा: जंक्शन बॉक्स कसा निवडायचा?

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण म्हणजे वेण्णा नदीकाठचं मेढा. केळघरचा घाट चढून वर गेलं की महाबळेश्वर येतं, जिथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या पट्ट्यात पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो. भिंत ओली होऊ नये म्हणून पूर्वी पावसाच्या बाजूला गवताच्या तट्ट्या बांधत. आता तिथे पत्रा मारतात.

दारातला किंवा गोठ्याचा दिवा याच पत्र्यावर लागतो. दिवा नीट पाहून घेतला जातो, पण त्याच्या मागे वायर जिथे जोडली जाते त्या जागेचा विचार क्वचितच होतो. धोका नेमका तिथेच असतो.

पत्र्यावर वेगळी काळजी का?

विटांच्या भिंतीत वायरचं आवरण फाटलं तर वीज एका जागी उतरते. पत्र्याच्या कापलेल्या कडेला वायर घासली तर संपूर्ण पत्र्यात २३० व्होल्ट उतरू शकतात. पत्रा लाकडी चौकटीवर असेल तर वीज जमिनीत जात नाही आणि एमसीबी पडत नाही. दिवाही नेहमीसारखा लागतो. पत्र्याला ओला हात लागला की मग कळतं.

दिवा 'आयपी ६५' असला की झालं?

नाही. आयपी हे धूळ आणि पाणी आत जाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारं आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा.

- आयपी ४४: सर्व बाजूंनी उडणारं पाणी सोसतं. खोल पडवीत, छताखाली चालतं.
- आयपी ५५ आणि ६५: पाण्याची धार सोसतात. ६५ मध्ये धूळही पूर्ण अडते.
- आयपी ६६: जोरदार धार सोसतं. चाचणीत मिनिटाला सुमारे १०० लिटर पाणी मारतात. पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला हे बरं.

पण दिव्याचं मानांकन फक्त दिव्यापुरतं असतं. अनेक एलईडी दिव्यांना मागे वीतभर वायर असते. तो जोड नुसती टेप गुंडाळून पत्र्यामागे सोडला तर आयपी ६५ चा उपयोग उरत नाही. त्या जोडाला स्वतःचा बंद डबा, म्हणजे जंक्शन बॉक्स, लागतो.

कोणता डबा घ्यावा?

भिंतीत गाडायचा जीआय मॉड्युलर बॉक्स इथे नको. तो उघडा असतो आणि गंजतो. बाहेर लावायचा, रबरी गॅस्केट आणि स्क्रूचं झाकण असलेला पॉलिकार्बोनेट किंवा उन्हाला टिकणाऱ्या पीव्हीसीचा डबा घ्यावा. साधं प्लास्टिक काही उन्हाळ्यांत तडकतं. धातूचा डबा घेतला तर त्याला अर्थिंग हवंच.

डबा प्रशस्त असावा. अमेरिकेच्या विद्युत नियमांत १४ गेजच्या (सुमारे २ चौरस मिमी) प्रत्येक वायरमागे डब्यात २ घन इंच जागा लागते. कोंबलेल्या वायरी तापतात आणि जोड ढिले होतात. तीन वायरी येऊन तीन पुढे जात असतील तर ४ बाय ४ इंचांचा डबा सोयीचा पडतो.

नागमोडी पत्र्यावर डबा सपाट कसा बसवायचा?

अमेरिकेत घरांना बाहेरून एकमेकींवर चढलेल्या पट्ट्या असतात. त्यांवर दिवा सपाट बसत नाही, म्हणून आधी माउंटिंग ब्लॉक लावतात. पत्र्यावरही तेच करावं लागतं. पत्र्यामागच्या लाकडी किंवा लोखंडी आडव्या पट्टीत स्क्रू जाईल अशी जागा निवडावी, वर जाड पीव्हीसीची सपाट प्लेट बसवावी आणि तिच्यावर डबा. नुसत्या पत्र्यात घेतलेला स्क्रू वाऱ्याने ढिला होतो.

बसवताना काय पाहायचं?

- वायर पत्र्यातून येते तिथे रबरी ग्रोमेट किंवा पीव्हीसी पाइप हवाच.
- वायर डब्यात खालून, केबल ग्लँडमधून घ्यावी. ग्लँडशिवाय पाडलेलं भोक डब्याचं मानांकन संपवतं.
- डब्याआधी वायरीला खाली वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.
- प्लेटच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावावं, खालची बाजू मोकळी ठेवावी. आत शिरलेल्या पाण्याला वाट लागते. आंबूस वासाचं सिलिकॉन पत्र्याचं जस्त खातं. न्यूट्रल प्रकारचं घ्यावं.
- दिवा धातूचा असेल तर तीन तारांची केबल घेऊन अर्थिंग जोडावं.

शेवटचा पहारेकरी

या दिव्याची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असावी. पत्र्यात वीज उतरून कुणाचा हात लागलाच, तर शरीरातून जमिनीत जाणारा प्रवाह ओळखून ती सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. एमसीबी हे काम करत नाही. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण पावसाळ्याआधी नक्की दाबून पाहावं. दाबूनही ती पडली नाही तर बदलावी.

काम परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद करून आणि उघडीप असताना करून घ्यावं. आणि जागा निवडता येत असेल तर दिवा पावसाच्या आडोशाच्या भिंतीवर लावणं सगळ्यात चांगलं.