आपला म्हणावा असा नंबर

जुन्नरहून पश्चिमेला निघाले की नाणेघाट लागतो. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांचा हिशेब त्यात कोरलेला आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. दोन हजार वर्षांनंतरही ते आकडे वाचता येतात. आज बोलायचे आहे ते मात्र आपल्या खिशातल्या दहा आकड्यांविषयी. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत ते आपले राहत नाहीत.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे १८८२ च्या जानेवारीत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. तरी १९४७ साली साऱ्या देशात एक लाखसुद्धा फोन नव्हते. त्यानंतरही कित्येक वर्षे फोनसाठी अर्ज करायचा आणि वाट पाहायची, अशीच रीत होती. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिने उन्हाधुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. पुढे खेडोपाडी फोन खणखणू लागले. जुन्नरचा ०२१३२ आणि मंचरचा ०२१३३ हे कोड मुंबईला गेलेल्या आमच्या मंडळींना तोंडपाठ असत.

त्या काळी बिल थकले की आधी बाहेर जाणारे फोन बंद होत, मग येणारेही. थकबाकी आणि पुन्हा जोडणीचे शुल्क वेळेत भरले की तोच नंबर परत सुरू होई. वर्षभर परगावी जायचे असेल तर ‘सेफ कस्टडी’चा अर्ज देऊन नंबर राखून ठेवता येई. कारण नंबर तारेला बांधलेला होता, तार खांबाला आणि खांब घराला. घर जागेवर असेतो लाइनमनला ते ठाऊक असे.

१९९५ साली मोबाइल आला आणि तार गेली. आता नंबर टिकतो तो केवळ वापरावर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१३ साली प्रीपेड ग्राहकांसाठी नियम घालून दिले. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तरच नंबर बंद करता येतो. खात्यात किमान २० रुपये असतील तर तेवढ्या कारणाने तो बंद करता येत नाही. आणि बंद झालाच तर तोच नंबर परत मागायला १५ दिवसांची सवलत असते. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण तो ठाऊक किती जणांना?

आमच्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली माणसे नारायणगावकडे द्राक्षबागांत, टोमॅटोच्या तोडणीला येतात. त्यातल्या एक बाई आषाढात भाताच्या आवणीसाठी वर गेल्या, त्या दिवाळी झाल्यावरच खाली आल्या. दरम्यान फोनला रिचार्ज नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, “नंबर गेला. नवा घ्या, स्वस्तात देतो.” त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, नव्याचं काय करू? माझ्या लेकीला ह्योच नंबर पाठ हाय.”

लेक लांब दिलेली. शिवाय बँकेचे खाते, गॅसचे अनुदान, सारे त्याच नंबरला जोडलेले. आम्ही तालुक्याच्या गावी कंपनीच्या दुकानात गेलो. आधारकार्ड दाखवले, अंगठा दिला. सवलतीचे थोडेच दिवस उरले होते; नंबर परत मिळाला. आणखी आठवडा गेला असता तर कदाचित मिळालाही नसता.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याचे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. कचेरी घोडेगावात, पण तालुका अजून आंबेगावच. गाव बुडाले तरी नाव कुणी दुसऱ्या गावाला देऊन टाकले नाही. फोनच्या नंबराचे तसे नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न आला, तेव्हा ट्रायने सांगितले की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत. म्हणजे त्यानंतर देता येतो. मग आपल्या बँकेचा निरोप, ओटीपी, लेकीची हाक, सारे अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकते. जुना मजकूर पुसण्याची काळजी ग्राहकानेच घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले.

तेव्हा श्रोतेहो, घरातल्या म्हाताऱ्यांच्या आणि कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या फोनची मुदत वहीत लिहून ठेवा. नेट नको असेल तर फक्त बोलण्याचे आणि एसेमेसचे रिचार्ज मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ते कंपन्यांना बंधनकारक केले आहे. नंबर बंद पडलाच तर त्याच दिवशी ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानात जा. ‘गेला’ म्हणाले तर ‘कधी बंद झाला?’ एवढे आधी विचारा. आणि खरोखरच परत मिळणार नसेल, तर नवा नंबर पहिल्यांदा बँकेत कळवा, मग सोयऱ्यांना. सोयरे आपल्याला शोधत येतील, बँक येणार नाही.