शत्रूच्या शत्रूचे संमेलन

आमच्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या औदुंबरला, दर मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरते. गाव लहान, मांडव साधा. पण सदानंद साहित्य मंडळाने हा रिवाज अनेक दशके जपला आहे. अशा संमेलनांतून नेमके निष्पन्न काय होते, असे काही जण विचारतात. या प्रश्नाचे एक उत्तर मला साहित्याबाहेर सापडले, विज्ञानाच्या इतिहासात.

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, माणसाला आजारी पाडतात हे आपण जाणतो. पण जिवाणूंनाही त्यांचा काळ भेटतो. काही विषाणू केवळ जिवाणूंवरच जगतात. असा विषाणू जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला वारसा त्याच्या पोटात सोडतो, आत स्वतःच्या अनेक प्रती तयार करवून घेतो आणि शेवटी जिवाणू फोडून बाहेर पडतो. यांना जिवाणूभक्षक किंवा बॅक्टेरिओफाज म्हणतात. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात नुसते ‘फाज’. नदीत, मातीत, गटारात, आपल्या आतड्यात, जिथे जिवाणू तिथे फाज.

या कथेचे पहिले पान आपल्याच देशातले आहे. १८९६ साली आग्र्याच्या हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवले की, गंगा-यमुनेचे गाळलेले पाणी पटकीचे जंतू मारते. तेच पाणी उकळले की हा गुण जातो. ही करामत फाजचीच होती का, यावर आजही मतभेद आहेत. पुढे १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांना आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स द’हेरेल यांना हा प्रकार स्वतंत्रपणे दिसला. बॅक्टेरिओफाज हे नाव द’हेरेल यांचे.

१९२५ साली द’हेरेल यांनी इजिप्तमध्ये प्लेगच्या चार रुग्णांवर फाजचा उपचार केला आणि ते बरे झाले. प्लेगने गावेच्या गावे माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलेली, तो हा काळ. ब्रिटिश सरकारने द’हेरेल यांना मुंबईच्या हाफकिन संस्थेत बोलावले. १९२७ साली पंजाबात त्यांनी पटकीच्या रुग्णांना फाज दिले, खेड्यांतल्या विहिरींतही ते ओतले. त्याच वर्षी सरकारी ‘बॅक्टेरिओफाज चौकशी’ सुरू झाली. पाटण्यात आशेशोव्ह यांनी काम केले. आसामात नौगाव भागात फाजच्या कुप्या लोकांपर्यंत पोचवल्या गेल्या आणि पटकी ओसरल्याचे अहवाल आले.

पण औषध म्हणून फाजचे एक दुखणे होते. प्रत्येक फाजचे भक्ष्य ठरलेले. पटकीचा फाज विषमज्वराला उपयोगी नाही. इतकेच काय, एकाच जातीच्या जंतूंतही एकाला मारणारा दुसऱ्याला सोडून देतो. हे पुरते न कळताच अनेक देशांत बाटल्या विकल्या गेल्या. १९३४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अहवालाने या उपचाराबद्दल शंका घेतली. १९३६ साली आपल्याकडची चौकशी आटोपली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि एकाच औषधाने अनेक रोग बरे होऊ लागले. मग योग्य फाज शोधत कोण बसणार?

उपचार टिकला तो मुख्यतः सोव्हिएत गोटात. जॉर्जियातील तिबिलिसीत एलियावा यांनी १९२३ साली संस्था काढली होती. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. संस्था मात्र जगली. पाश्चात्त्य देशांत फाज उरला तो प्रयोगशाळेत, अनुवंशशास्त्राचा साधन म्हणून.

आता संमेलनाकडे वळू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया येथे एव्हरग्रीन नावाचे कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापिका एलिझाबेथ कुटर यांनी १९७५ साली फाजवर काम करणाऱ्यांची एक बैठक भरवली. विषय एकच, टी-४ नावाचा फाज. पुढे ही बैठक दर दोन वर्षांनी भरू लागली. कॉलेज नामांकित संशोधन केंद्र नव्हते. कुटर यांच्या प्रयोगशाळेत पदवीचे विद्यार्थीच राबत. १९९० साली त्या सोव्हिएत संघात गेल्या आणि तिबिलिसीतला उपचार त्यांनी स्वतः पाहिला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे वीज जाई आणि शीतकपाटांत जपलेले नमुने धोक्यात येत. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांना जगाशी बोलायला जागा मिळाली, ती या संमेलनासारख्या ठिकाणी.

याचे मोल पुढे दिसले. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत गेले. २०१६ साली सॅन दिएगोचे एक प्राध्यापक अशाच जंतूने मरणाच्या दारी होते. त्यांच्या पत्नीने जगभरातल्या फाज-संशोधकांना पत्रे पाठवली. टेक्सासच्या विद्यापीठातून आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतून त्यांच्या जंतूला लागू पडणारे फाज मिळाले. रुग्ण वाचला. एका रुग्णावरून उपचार सिद्ध होत नाही. मोठ्या चाचण्यांची गरज आजही आहे. पण तातडीच्या वेळी कुणाकडे कोणती कुपी आहे हे विचारायला माणसे ओळखीची होती, हे खरे.

पेनिसिलिन एका कारखान्यात बनवून जगभर विकता येते. फाजचे तसे नाही. इथे ज्याचा त्याचा जंतू तपासावा लागतो, हजारो नमुन्यांचा साठा लागतो, तो सांभाळणारे हात लागतात आणि त्या हातांची एकमेकांशी ओळख लागते. म्हणून इथे संमेलन हा समारंभ नाही, तो औषधाचाच एक भाग आहे.

आपल्याकडे काय झाले? फाजचा उपचार ज्या थोड्या देशांत प्रथम मोठ्या प्रमाणावर आजमावला गेला, त्यांत हिंदुस्थान होता. चौकशी संपली, अहवाल फायलींत गेले. आज बनारस हिंदू विद्यापीठासारख्या काही ठिकाणी पुन्हा काम चालते, ही समाधानाची गोष्ट. पण मधली अनेक दशके हा धागा कुणी नेमाने हातात धरून बसले असते, तर?

कृष्णेच्या पाण्यात फाज आहेत, आपल्या गटारांतही आहेत. निसर्गाने त्यात कंजुषी केलेली नाही. ते गोळा करणे, कुपीवर चिठ्ठी लावणे आणि दोन वर्षांनी पुन्हा भेटणे, एवढे मात्र माणसांनीच करायचे असते.