गोचं वेंट कुणी केलं?

गेल्या बुधवारी आमच्या बचत गटाची बैठक संपली, हप्त्यांची वही मिटली, आणि एक ताई जरा बिचकतच म्हणाली, "बाई, एक विचारू का? माझी लेक आठवीला आहे. रोज संध्याकाळी क्रियापदांचे तीन रकाने पाठ करत बसते. वॉकचं वॉक्ड, कुकचं कुक्ड, इथवर मला कळतं. मग गोचं वेंट कसं? गोड का नाही?"

'गोड' ऐकून सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीच्या एका मुलाखतीत मी हेच बोलले होते, 'आय गोड टू पुणे'. समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. नोकरी मिळाली नाही ते सोडा, पण पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत मी इंग्रजीचा एक शब्दही तोंडातून काढला नाही. म्हणून आज या वेंटचीच गोष्ट सांगते.

साधारण दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांच्या बोलीतून इंग्रजी घडली. त्या बोलीत झालेली गोष्ट सांगायची एक जुनी रीत होती. शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा. सिंग, सँग, संग. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. दुसरी रीत त्या मानाने नवी, शेवटी शेपूट जोडायची. तेच आजचं 'एड'. म्हणजे ज्यांना आपण नियमाबाहेरची म्हणतो, त्यातली पुष्कळशी क्रियापदं एके काळी नियमातलीच होती. नियम जुना झाला, एवढंच.

नवव्या शतकात डेन्मार्ककडच्या लोकांनी इंग्लंडचा पूर्व भाग जिंकला आणि तिथेच घरं केली. शेजारपाजार झाला, सोयरिकी झाल्या, भाषा मिसळली. 'टेक' हा रोजचा शब्द त्यांच्याकडून आला, आणि येताना आपलं 'टुक' बरोबर घेऊन आला. मग १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन आले आणि फ्रेंच शब्दांचा पूरच आला. एवढ्या परक्या क्रियापदांचे स्वर कोण बदलत बसणार? त्यांना बहुतेक सरसकट 'एड' लागलं. नवा शब्द आजही आला की त्याला 'एड'च लागतं. आपण नाही का, रिचार्ज 'केला' म्हणून मोकळ्या होतो.

हळूहळू जुनी क्रियापदंही नव्या रीतीत गेली. पूर्वी हेल्पचं 'हॉल्प' व्हायचं, आता हेल्प्ड होतं. २००७ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजदाद केली. जुन्या इंग्रजीतली अशी १७७ क्रियापदं त्यांनी घेतली. मधल्या काळात त्यातली १४५ जुन्या वळणाची राहिली होती, आज ९८ उरली आहेत. टिकली कोणती? जी रोज तोंडात असतात ती. असणे, करणे, जाणे, म्हणणे, बघणे, घेणे. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घ्या, दहाही नियमाबाहेरची. पोर जन्मल्यापासून दिवसातून शंभरदा जे ऐकतं ते विसरत नाही. क्वचित कानावर पडणाऱ्या शब्दाचं जुनं रूप आठवत नाही, मग ते शेपूट लावून मोकळं होतं. रोजच्या पाऊलवाटेवर गवत उगवत नाही, तसंच हे.

आता वेंट. हा मुळात गोचा नव्हेच! 'वेंड' म्हणून वेगळं क्रियापद होतं, वळणे, वाट धरणे अशा अर्थाचं. सेंडचं सेंट, तसं वेंडचं वेंट. गोचं भूतकाळाचं रूप तेव्हा निराळंच होतं. ते मागे पडलं आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याच्या जागी वेंट येऊन बसलं. वेंड मात्र आता फारसं कुणी बोलत नाही.

हसू नका, आपल्याकडेही हेच झालंय. बसचं बसला, पळचं पळाला. मग जाचं 'जाला' का नाही? कारण 'जा' संस्कृतातल्या 'या' धातूवरून आला आणि 'गेला' आला 'गम्' धातूवरून, 'गत'मधून. दोन घरच्या दोघी एका संसारात नांदतायत. शिवाय करचं केलं, मरचं मेला आहेच. आपलं लहानगं 'मी करलं' म्हणतं तेव्हा आपण त्याचा पापा घेतो. इंग्रज आईचं मूलही तसंच 'गोड' म्हणतं.

मोठी माणसंही चुकत. १७६२ साली रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्यानं इंग्रजीचं व्याकरण छापलं. 'आय हॅव रिटन' म्हणा, 'आय हॅव रोट' म्हणू नका, असं त्यात बजावलं. आणि अशा चुका दाखवायला उतारे कुणाचे घेतले? इंग्लंडच्या नामवंत लेखकांचे! म्हणजे शाळेतले ते तीन रकाने पक्के होईपर्यंत तिथल्या शिकल्यासवरल्यांचीही गडबड व्हायचीच.

त्या ताईच्या लेकीला मी एवढंच सुचवलं, की यादी एबीसीडीप्रमाणे पाठ करू नकोस, आवाजाप्रमाणे गट पाड. सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम एकीकडे. कट, पुट, हिट ही न बदलणारी एकीकडे. सेंड, बेंड, लेंड एकीकडे, आणि त्यांच्याच खाली वेंट लिही.

काल ती वही घेऊन आली. गट पाडले होते. शेजारी आईनं आपल्या अक्षरात मराठीचेही पाडले होते, आणि खाली प्रश्न लिहिला होता, "बाई, घेचं घेतलं, मग देचं देतलं का नाही?"