खोडदचे मौन आणि विज्ञानाची वार्ता

नारायणगाव सोडून खोडदच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात शेतमळ्यांच्या वर, आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या पोलादी तबकड्या दिसू लागतात. आम्ही काही मंडळी मुद्दाम त्या पाहावयास गेलो होतो. वाटेत आमच्यातील एकाच्या मोबाइलवर याच तबकड्यांनी लावलेल्या एका शोधाची बातमी येऊन पडली आणि ती तो मोठ्या उत्साहाने आम्हांस वाचून दाखवू लागला. बातमी संपण्यापूर्वीच फाटक आले आणि आम्हांस पहिली सूचना मिळाली : ‘मोबाइल बंद करा.’ ज्या यंत्राने खोडदची वार्ता आमच्यापर्यंत आणली, त्याच यंत्राला खोडदच्या दारात मज्जाव! या विसंगतीचे प्रथम आम्हांस हसू आले. मागाहून ध्यानात आले की, आजच्या आपल्या विषयाचे मर्मच त्या सूचनेत आहे. विज्ञानाची वार्ता सामान्य माणसापर्यंत कशी पोहोचते, वाटेत तिचे काय होते आणि ती मिळण्याचा हक्क कोणाचा, हा तो विषय होय.

विज्ञानाची वार्ता लोकांस सांगावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून नव्या विद्यांची ओळख मराठी वाचकास करून दिली. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले. योगायोग असा की, त्याच वर्षी २८ फेब्रुवारीस रामन यांनी आपला प्रकाशविषयक शोध जाहीर केला आणि पुढे १९८७ पासून तोच दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जाऊ लागला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ साली परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ती पाठविणारे गृहस्थ म्हणजे डॉ. जयंत नारळीकर होत. आपल्या कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. हेच नारळीकर, शाळेतील मुलांनी स्वाक्षरी मागितली की म्हणत, ‘मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी सही येईल.’ २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. ती पोस्टकार्डे मात्र अनेक घरांतून आजही जपून ठेवलेली असतील.

या परंपरेचा विशेष कोणता? वार्ता आणि वाचक यांच्यामध्ये एक जाणता माणूस उभा होता. वार्ता सावकाश येई, क्वचित महिन्याने येई. परंतु तिच्याबरोबर तिचा जामीनही येई. शंका आली तर विचारावयास कोणी तरी होते. आज वार्ता क्षणात येते, शंभर ठिकाणांहून येते. पण ती कोणी पाहिली, कोणी तपासली, कोणास विचारावे, हे तिच्यावर लिहिलेले नसते. वेग वाढला ही तक्रार नव्हे. जामीन हरवला, ही तक्रार आहे.

आता खोडदकडे वळू. या दुर्बिणीची कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. १९६३ साली ते परदेशातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९६५ साली त्यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा-सहा फुटी ३२ लहान तबकड्यांची पहिली मांडणी केली. १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. त्यानंतर १९८० च्या दशकात खोडदची योजना आखली गेली आणि १९९० च्या दशकात तबकड्या उभ्या राहिल्या. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांस खुली आहे. येथे एकंदर ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या टापूत आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर त्यांचे वजन आणि वाऱ्याचा जोर सांभाळण्यातच पैसा संपला असता. म्हणून स्वरूप यांनी ताणलेल्या तारांवर बारीक पोलादी जाळी बसविण्याची युक्ती काढली. चाळणीतून पीठ खाली पडते, पण शेंगदाणा वरच राहतो. तसाच येथे वारा जाळीतून निघून जातो, पण जाळीच्या भोकांहून पुष्कळ लांब असलेल्या रेडिओ लहरी परावृत्त होऊन मध्यावर गोळा होतात.

आकाशातून येणाऱ्या या लहरी कमालीच्या क्षीण असतात. त्यांच्यापुढे आपल्या खिशातील मोबाइल म्हणजे कीर्तन चालू असताना कानाशी वाजविलेला ढोल होय! ही दुर्बीण ज्या लहरी ऐकते, त्यांच्याच पट्ट्यात आपले मोबाइल बोलतात. विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी, कारखान्यातील यंत्र, यांचाही गलबला तिच्या कानी येतो. खोडदला मौन पाळावयाचे ते एवढ्यासाठी.

आता वाटेत वार्तेचे काय होते, ते पाहू. १८७७ साली इटलीतील खगोलवेत्ता स्कियापारेल्ली याने मंगळावर काही रेषा पाहिल्या आणि त्यांस आपल्या भाषेतील ‘कानाली’ हा शब्द योजला. त्या शब्दात नैसर्गिक ओघळही येतो. इंग्रजीत मात्र त्याचा ‘कालवा’ झाला. आणि कालवा म्हटला की तो खणणारा आलाच! अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल याने १८९४ साली खास वेधशाळा उभारून या कालव्यांचे नकाशे काढले. मंगळावर पाण्यासाठी झुंजणारी सुधारलेली जात राहते, असे तो सांगू लागला आणि लोकांनी ते आवडीने ऐकले. १९६५ च्या जुलैमध्ये ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा त्याच्या छायाचित्रांत कालवे नव्हते, खड्डे होते. एका शब्दाचा अर्थ घसरला आणि तो सावरावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. येथे खोटे कोणीच बोलले नव्हते, हे विशेष. स्कियापारेल्लीने रेषा पाहिल्या होत्या आणि लॉवेलचा आपल्या कालव्यांवर मनापासून विश्वास होता.

याच स्कियापारेल्लीचे नाव दिलेले एक युरोपीय यान १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू लागले आणि त्याचा क्षीण आवाज ऐकण्याचे काम खोडदच्या तबकड्यांकडे आले. मंगळाहून निघालेल्या लहरीला पृथ्वीवर पोहोचण्यास त्या दिवशी सुमारे पावणेदहा मिनिटे लागत होती. खोडदला तो आवाज ऐकू आला. परंतु यान उतरण्याच्या अपेक्षित वेळेपूर्वीच, सुमारे ५० सेकंद आधी, यानाचा आवाज थांबला. पुढे चौकशीत आढळले की, गती मोजणारे एक उपकरण क्षणभर गोंधळले, आपण जमिनीच्याही खाली आहोत असा हिशेब यानाच्या गणकाने केला, हवाईछत्री वेळेआधी सुटली आणि कित्येक किलोमीटर उंचीवरून यान खाली आदळले. ‘यश’ किंवा ‘अपयश’ अशा एका शब्दात ही वार्ता मावत नाही. यान फुटले हे खरे, आणि कोट्यवधी किलोमीटर दूरचा तो आवाज खोडदने पकडला हेही तितकेच खरे. दोन्ही सांगितले तरच ती वार्ता पुरी होते.

दुसरे उदाहरण २०२३ च्या जानेवारीतील. एका अतिदूरच्या आकाशगंगेतील हायड्रोजन वायूची लहर याच दुर्बिणीने टिपली. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी ती निघाली, तेव्हा तिची लांबी २१ सेंटिमीटर होती. विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत ती ताणली गेली आणि खोडदला पोहोचली ती सुमारे ४८ सेंटिमीटर होऊन. वाटेतील दुसऱ्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाप्रमाणे काम करून तिला सुमारे ३० पट उजळ केले, म्हणूनच ती ऐकू आली. केवढी ही नवलाई! पण ठळक अक्षरांत शब्द आला ‘संकेत’. संकेत म्हटला की तो करणारा कोणी तरी मनात उभा राहतोच, आणि पुढे परग्रहवासीयांपर्यंत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. १८७७ साली ‘कालवा’, २०२३ साली ‘संकेत’! हायड्रोजनच्या अणूला कोणास काही सांगावयाचे नसते, हे वाक्य त्या ठळक अक्षरांबरोबर आले असते तर वार्ता तसूभरही फिकी झाली नसती.

आता राहिला हक्काचा प्रश्न. ही दुर्बीण ओसाड माळावर एकटी उभी नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील नांदत्या गावांमध्ये ती उभी आहे. तिच्या मौनासाठी भोवतालच्या टापूत उद्योगांवर मर्यादा आल्या. नारायणगावमार्गे आखलेल्या पुणे–नाशिक वेगवान रेल्वेच्या आराखड्यालाही याच दुर्बिणीमुळे हरकत आली. ज्याच्या मुलाला गावाजवळ कारखान्यात काम मिळाले असते, ज्याचा माल रेल्वेने लवकर बाजारी गेला असता, त्याला ‘विज्ञानासाठी’ एवढेच सांगून भागेल काय? आमच्या मते नाही. जो मौनाची किंमत देतो, त्याला त्या मौनात काय ऐकू आले, हे जाणण्याचा हक्क सर्वांआधी पोहोचतो. विज्ञानवार्ता म्हणजे विद्वानाने अडाण्यास घातलेली भिक्षा नव्हे. तो शेजारधर्म आहे; किंबहुना ते देणे आहे.

हे देणे फेडण्याचा प्रयत्न खोडदला होतही असतो. विज्ञान दिनाच्या निमित्ताने येथे प्रदर्शन भरते, आसपासच्या शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात आणि खेड्यापाड्यांतील माणसे तबकड्यांच्या पायथ्याशी उभी राहून प्रश्न विचारतात. आम्ही गेलो त्या दिवशीही फेटा बांधलेले एक वृद्ध शेतकरी बराच वेळ वर पाहत उभे होते. माहिती सांगणाऱ्या तरुणाचे सारे आकडे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, “ते समदं खरं, लेका. पर ऐकू काय आलं, ते सांग की.”

तरुण क्षणभर थांबला. मग म्हणाला, “बाबा, आवाज असा येत नाही. कागदावर एक उंचवटा येतो. तो खरा की आपल्याच गलबल्याचा, हे आधी महिनोन्‌महिने तपासतात. खरा ठरला, तरच सांगतात.”

म्हातारबुवा हसले. “म्हंजी, पारखून मगच बोलायचं. बरं हाय.”

आम्ही परत निघालो. फाटकाबाहेर दूर आल्यावर मोबाइल सुरू केला, तो सकाळची अर्धी वाचलेली बातमी तशीच पुढे उभी होती. खाली ‘पुढे पाठवा’ अशी खूण होती. आमच्या मित्राने ती बातमी प्रथम शेवटपर्यंत वाचली, शोध कोणी लावला आणि ते स्वतः काय म्हणतात, ते शोधून काढले आणि खाली आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या : हे असे आढळले आहे, याचा अर्थ अमुक नव्हे. मग त्याने ती पुढे पाठविली. नारायणगाव येईपर्यंत त्याचे हे काम चालले होते. जांभेकरांच्या काळी हा जामीन संपादक राहत असे आणि नारळीकर तो पोस्टकार्डावर राहत. आता यंत्र प्रत्येकाच्या हाती आले आहे, तेव्हा जामीनही प्रत्येकानेच राहिले पाहिजे.