माउंट होलिओक महाविद्यालयातील परंपरा
अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ हॅडली येथे मेरी लायन यांनी १८३७ साली स्त्रियांसाठी माउंट होलिओक ही शिक्षणसंस्था स्थापन केली. वार्षिक शुल्क अवघे ६० डॉलर राहावे व सामान्य घरच्या मुलींनाही शिकता यावे, म्हणून विद्यार्थिनी स्वयंपाक, झाडलोट स्वतःच करीत. ती प्रथा कालांतराने बंद पडली. १८३८ पासूनचा ‘पर्वतदिन’ मात्र टिकून आहे. शरद ऋतूतील एका सकाळी अचानक घंटानाद होतो, तास रद्द होतात आणि संस्थेला नाव देणाऱ्या डोंगराकडे सारे निघतात. दिवस आधी कळत नाही. खरी गंमत त्यातच! पदवीदानाच्या आदल्या दिवशी शुभ्रवस्त्रधारी विद्यार्थिनी माजी विद्यार्थिनींसह मिरवणुकीने जाऊन, आवारातच असलेल्या मेरी लायन यांच्या कबरीच्या कठड्याला लॉरेलच्या पानांची माळ घालतात.