मामांचा अंगठा

१९८६ सालच्या २९ जूनची रात्र. बाहेर आर्द्राच्या पावसाची झड, आणि पंचायतीच्या खोलीत काळ्या-पांढऱ्या टीव्हीपुढं आम्ही तीस-चाळीस जण पोत्यांवर बसलेलो. मेक्सिकोत भर दुपार, आमच्याकडं रात्रीचे साडेअकरा. वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनी. कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉलचं वारं गावाला लागलेलं, त्यामुळं मॅराडोना आमच्यातलाच वाटायचा. बुटका, दणकट, पैलवानाच्या मांड्यांचा. अर्जेंटिनाचा दुसरा गोल झाला आणि लाइट गेली.

कुणी उठलं नाही. अंधारात मामांनी बिडी पेटवली. तरुणपणी ते कोल्हापुरात एका तालमीकडून अनवाणी खेळलेले. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.

"आमच्या येळंला बूट कुणाला म्हाईत? पन्नास साली ब्राझीलला आपल्याला बोलावलं हुतं. म्हणाले, बूट घालून या. आपली पोरं म्हणाली, न्हाई घालत जावा!"

सगळे खूश. मीही. अठ्ठेचाळीसच्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून फक्त २-१ नं हरले, तेही दोन पेनल्ट्या हुकवून, हे मामांना तोंडपाठ होतं.

लाइट काही आली नाही. सकाळी रेडिओवर कळलं, जर्मनीनं दोन्ही गोल फेडले होते, तरी अर्जेंटिना ३-२ नं जिंकली. तीन गोल आम्ही अंधारात घालवले.

पुढं नोकरीच्या गावी वाचनालयात या स्पर्धेचा इतिहास हाती लागला. १९३० साली उरुग्वेत पहिला वर्ल्ड कप झाला, तेरा संघ, युरोपातले चारच, तेही बोटीनं आलेले. फायनलला चेंडू कुणाचा यावरून उरुग्वे-अर्जेंटिनात भांडण. शेवटी पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूनं, दुसरा उरुग्वेच्या. हाफटाइमला अर्जेंटिना २-१ नं पुढं, शेवटी उरुग्वे ४-२. आमच्या माळावर तरी दुसरं काय चालायचं! ज्याचा चेंडू त्याचं राज्य. आणि १९५० साली ब्राझीलला त्यांच्याच माराकाना मैदानावर हरवलं तेही या उरुग्वेनंच, ज्याची वस्ती तेव्हाच्या मुंबईपेक्षा कमी होती.

त्याच साली आपलं नाव स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात निघालं होतं. आपण गेलोच नाही. बुटांची गोष्ट नंतर चिकटलेली. कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढं सांगितलं, की तेव्हा आपल्याला ऑलिंपिक म्हणजेच सगळं, वर्ल्ड कपचं मोल कुणाला वाटलं नव्हतं.

हे मामांना सांगावं की नको, दोन सुट्ट्या मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवाळीला सांगितलं. मामा अंगठ्याला तेल चोळत बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत.

"म्हंजे बुटासाठी न्हवं?"

"नव्हतं, मामा."

"मग तर लईच वंगाळ झालं की रं," म्हणाले, आणि तेलाची वाटी माझ्याकडं सरकवली.